जिप्सी फोर बाय फोर: पाऊस आला की चीं-चीं बंद, ऊन पडलं की परत सुरू

हर्णै_जेटी: जिप्सी किंग आहे, पुढचे हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलला जोडणारे खटके) हाताने लॉक करायचे. मासळीसाठी बंदरावरच्या ओल्या वाळूत रोज उतरते. २०-३० च्या वेगात खालून चीं-चीं येते, गाडीच्या वेगाबरोबर वाढते. क्लच दाबला तरी थांबत नाही. फर्स्टवरून रिव्हर्स टाकला की एकदा 'टण्ण'. गंमत म्हणजे पावसाची सर आली की आवाज गायब! महिन्यापूर्वीच ग्रीस मारलंय. गॅरेजमध्ये सांगतात मागचा जॉइंट शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारी फिरती नळी) आख्खा बदला. बदलू का?

तांबडी_माती: थांबा, एवढ्यात नको. क्लच दाबूनही आवाज तसाच, गाडीच्या वेगाबरोबरच येतोय म्हणजे इंजिन आणि क्लचचा रिलीज बेअरिंग सुटले. पावसात गप्प होणं ही कोरड्या क्रॉसची (शाफ्टच्या टोकाचा चौफुली सांधा, चारही टोकांवर सुई-बेअरिंगचे कप) जुनी खूण: सीलमधून पाणी आत जातं, सुया तेवढ्यापुरत्या ओल्या होतात. बरं झालं असं समजू नका, आतून गंज चढतोय. त्यात तुमचं पाणी खारं.

आधी पुढचे हब फ्री करा आणि टू-एचमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) चालवा. तेव्हा पुढचा शाफ्ट फिरतच नाही. तरीही आवाज आला तर पुढचा निर्दोष.

मग चारही चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावून, गाडी न्यूट्रल आणि हँडब्रेक सोडून, एका हाताने शाफ्ट व दुसऱ्याने फ्लँजचा योक (क्रॉसच्या पलीकडचा दुबेळका) धरा आणि उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये केसाएवढाही खेळ नको. डिफरन्शियलच्या दातांचा थोडा खेळ असतोच, तो क्रॉसच्या माथी मारू नका. अडणीला जांभ्याचा चिरा चालेल, पण गाडी उचलून चिऱ्यावर टेकवू नका. चिरा न सांगता फुटतो. स्टँडच हवेत.

कपाच्या कडेला तांबडं दिसलं तर? आपल्याकडे गंज आणि माती दिसायला सारखीच. धुवून कोरडं करा, १० किमी फिरवा. फक्त सीलच्या कडेलाच तांबडी पूड परत आली तर गंज.

सहा_क्रॉस: वरचं सगळं बरोबर, पण जिप्सीत शाफ्ट दोन नाहीत, तीन आहेत. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांच्यामधला आखूड शाफ्ट सगळे विसरतात. हब लॉक असोत वा नसोत, गाडी चालली की तो फिरतोच. ग्रीस मारणाऱ्याचा हातही तिथे सहसा पोचत नाही.

चाचणी सोपी आहे. चाकांना अडण तशीच ठेवा, ट्रान्सफर न्यूट्रलला टाका, गिअरबॉक्स सेकंडला घालून क्लच सोडा. आता गाडी उभी आणि फक्त आखूड शाफ्ट फिरतोय. दुसऱ्याने बाहेर उभं राहून ऐकायचं, खाली घुसायचं नाही. चीं-चीं आली तर दोषी सापडला. नाही आली आणि हब फ्री करूनही चालताना आवाज येत असेल तर मागचाच, पण तरी आख्खा शाफ्ट नाही, क्रॉस बदला.

हर्णै_जेटी: चाचणीत गप्प. मागचा पिळून पाहिला, डिफरन्शियलकडच्या क्रॉसला खेळ आहे. निप्पलवर (ग्रीस भरायची तोटी) गन लावली तर तीनच कपांतून ग्रीस येतंय.

सहा_क्रॉस: मग महिन्यापूर्वीही तिथे पोचलं नसणार. चौथ्या कपातल्या सुया कोरड्याच खात बसल्यात. ग्रीस 'मारलं' म्हणजे चारही सीलमधून जुनं काळं जाऊन नवं बाहेर दिसलं पाहिजे. खेळ आलाय म्हणजे आता ग्रीसने भागणार नाही.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर, आणि मधल्या स्लिप जॉइंटवरही (शाफ्टचा दातेरी सरकता जोड), आरपार रंगाची रेघ मारा. स्लिप जॉइंट एक दात जरी चुकून बसला तरी दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि ५०-६० ला गाडी थरथरते. मग लोक व्हील बॅलन्सिंग करत बसतात.

कप अडवणाऱ्या चारही सर्क्लिप काढा. व्हाइसमध्ये एका बाजूने लहान सॉकेट ढकलायला, दुसऱ्या बाजूने मोठा सॉकेट कप बाहेर यायला. नळीवर हातोडा अजिबात नको, पोचा आला की बॅलन्स गेला. नवा कप बसवताना एक सुई आडवी पडली तर कप पुरता आत जात नाही, सर्क्लिपची खाच दिसत नाही. अशा वेळी जोर न लावता काढून पुन्हा बसवा. निप्पल गन पोचेल त्या बाजूला. शेवटी क्रॉस चारही दिशांना बोटाने, कुठे न अडकता हलला पाहिजे.

तांबडी_माती: नट नवे नायलॉकच (आत नायलॉनचं कडं असलेले) घ्या, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. ग्रीस लिथियम ईपी-२ चालतं, पण रोज खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर कॅल्शियम सल्फोनेटचं जास्त टिकेल. एकातून दुसऱ्यावर जाताना जुनं पूर्ण बाहेर काढा. स्लिप जॉइंटला मात्र सावकाश, सीलपाशी दिसलं की थांबा. जास्त दाबलं तर स्प्लाइन (त्याचे दाते) सरकायची बंद होते आणि ताण क्रॉसवर येतो. वाळूतून आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुवा, प्रेशर गन थेट सीलवर धरू नका. हंगामात दर १५ दिवसांनी ग्रीस, आणि गन मारताना चौथा कप बघूनच उठा.