विषय: मंडळाच्या जुन्या चित्रफिती: सगळ्या एकदम एमपी४ कशा कराव्यात?

प्रेषक: संग्रह समिती

नमस्कार मंडळी,
गणेशोत्सव आणि दिवाळीच्या कार्यक्रमांचं सगळं चित्रण एका हार्ड डिस्कवर आणलं आहे. पण डीव्हीडीच्या व्हीओबी फाइली आयपॅडवर उघडत नाहीत आणि कॅमकॉर्डरच्या एमटीएस फाइली फोनवर चालत नाहीत. एकेक बदलत बसणं शक्य नाही. एच.२६५ (चित्रण दाबून लहान करण्याची नवी पद्धत) मध्ये केलं तर जागा निम्मी लागते, असं मुलगा म्हणतो. तसं करू का?

प्रेषक: वेबसाइट समिती

काकू, नमस्कार.
सगळ्यात आधी त्या डिस्कची दुसरी प्रत काढून वेगळ्या घरी ठेवा. मूळ फाइली कधीच पुसू नका. नव्याने एन्कोड केलं, म्हणजे दुसऱ्या पद्धतीत बदललं, की चित्राचा दर्जा थोडा का होईना उतरतो, आणि गेलेला दर्जा परत मिळत नाही.

एच.२६५ नको. जुने टीव्ही ते ओळखत नाहीत. एच.२६४ (त्याआधीची पद्धत) चित्र, एएसी पद्धतीचा आवाज आणि एमपी४ फाइल हे त्रिकूट जवळपास सगळीकडे चालतं.

डीव्हीडी आणि मिनिडीव्ही टेपांसाठी हँडब्रेक हा चित्रफिती बदलणारा प्रोग्रॅम वापरा, फुकट आहे. सोर्स म्हणून अख्खा फोल्डर द्या, सेटिंग ठरवा, सगळं क्यूमध्ये टाका आणि रात्रभर चालू ठेवा. क्वालिटी आरएफ (दर्जाचा आकडा, जितका लहान तितका दर्जा चांगला) २० पुरे. मिनिडीव्हीचा एक तास मूळ रूपात साधारण १३ जीबी होतो. तो कितीतरी लहान होईल.

फ्रेमरेट (दर सेकंदाला किती चित्रं) मात्र ‘सेम अ‍ॅज सोर्स’च ठेवा. इथल्या अमेरिकेतल्या टेपा २९.९७ फ्रेमच्या आहेत, भारतातून आलेल्या पाल (तिथली टीव्ही पद्धत) डीव्हीडी २५ च्या. सगळ्यांना एकच आकडा लावलात तर नाचताना हालचाल अडखळते.

डीइंटरलेस फिल्टरही चालू करा. लेझीमच्या चित्रणात हात जोरात फिरला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात ना, त्या यानेच जातात.

एमटीएस फाइलींना एवढा खटाटोप लागत नाही. त्यांच्या आत आधीपासूनच एच.२६४ आहे. एफएफएमपेग या प्रोग्रॅमने चित्र जसंच्या तसं एमपी४ मध्ये घालायचं आणि फक्त आवाज एएसी करायचा. मिनिटांत उरकतं, चित्राला धक्का नाही. सगळ्या फोल्डरवर एकदम चालणारी स्क्रिप्ट मी लिहून देतो.

प्रेषक: एक सभासद

एक दुरुस्ती सुचवतो. बरेच कॅमकॉर्डर १०८०आय मध्ये, म्हणजे इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी आळीपाळीने टिपणारं) चित्रण करायचे. अशी एमटीएस नुसती एमपी४ मध्ये घातली तर काही फोनवर त्याच रेघा दिसतील. मीडियाइन्फो या फाइलीचा तपशील दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून ‘स्कॅन टाइप’ बघा. इंटरलेस्ड निघाली तर तीही हँडब्रेकच्या रांगेत टाका.

आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. तीन अंकी नाटकाचं चित्रण असेल तर तो एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटचा करून घ्या, पण टीव्हीला ते वाचता येतं का, आधी पाहा.

प्रेषक: संग्रह समिती

दोघांचेही मनापासून आभार. तर आता एमटीएस फाइलींचे दोन फोल्डर करते, इंटरलेस्ड आणि बाकीच्या. सगळं रांगेला लावण्याआधी लेझीमचा पाच मिनिटांचा तुकडा बदलून बघणार आहे. ज्यांच्या घरी जुना टीव्ही अजून चालू आहे त्यांनी कृपया कळवावं, चाचणीसाठी पेनड्राइव्ह पाठवते.