मदत हवी आहे: कालवे आणि तरंगत्या बागा, होडी कुठून घ्यायची?

घाईत_आहे: रविवारी आईबाबांना त्या रंगीत होडीतून कालवे आणि तरंगत्या बागा दाखवायच्यात. एका साइटवर माणशी पैसे दाखवतायत, ऑफिसातला एक जण म्हणतो अख्ख्या होडीचे तासावर असतात. कोण खरं? आणि धक्के नकाशात आठ-दहा दिसतायत, बसायचं कुठून? आज रात्रीच बुक करून टाकायचंय, प्लीज लवकर.

शिकारावाली: बुकिंग कशाला, घाटावर जाऊन घासाघीस करायची. पहाटेचा भाजीबाजार चुकवू नका, उजाडायच्या आत निघालात तरच मिळतो. आम्ही होडीतूनच नदरू घेतलं (कमळकाकडी हो), हाऊसबोटवाल्याने भाजी करून दिली, अहाहा. पश्मिना विकायला शेजारी होडी लावतात, बघायचंसुद्धा नाही.

घाईत_आहे: ताई काश्मीर नाही हो!! मेक्सिको सिटी. झोचिमिल्को.

टंगळमंगळ: मग धाग्यात लिहायला काय झालं होतं? आणि उच्चार सोचिमिल्को.

पेसोमोजणी: ऑफिसातला बरोबर. होडीला त्राहिनेरा म्हणतात, भाडं होडीचं, तासावर, धक्क्यावर पाटी असते. आम्ही गेलो तेव्हा ६०० पेसो होते, दोघं बसा नाहीतर पंधरा, तेवढेच. टॅक्सीने जाताना वाटेत सायकलवाले शिट्ट्या मारून अडवतात, 'धक्का इकडे' म्हणून, थांबायचं नाही, सरळ नातिवितासच्या धक्क्यावर. गर्दी, मारियाची (तिकडचे गाणारे-वाजवणारे), मजा असते. गाण्याचे पैसे मोजून घेतात, वाजवायच्या आधी विचारा.

मातीतला: रविवारी नातिवितास म्हणजे गणपतीत लालबाग. होड्या एकमेकींना घासतात, नावाडी पायाने शेजारची होडी ढकलून वाट काढतो, दर दोन मिनिटांनी कणसं नाहीतर बिअर विकणारी होडी येऊन चिकटते. बागा दिसतच नाहीत. क्वेमान्कोच्या धक्क्याहून जा, सकाळी लवकर. चिनाम्पांवर (म्हणजे त्या बागांवर) शेतकरी लेट्यूस लावताना दिसतात, पाण्यावर बगळे. आणि त्या बागा तरंगत नाहीत बरं का, सगळे तेच लिहितात. उथळ तळ्यात कुंपण घालून आत झाडपाला आणि गाळ रचत वर आणलेले वाफे आहेत ते, कडेने आहुएहोते नावाची विलोची झाडं, त्यांची मुळं काठ धरून ठेवतात. स्पॅनिश यायच्या आधीपासूनचं तंत्र. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत.

शिकारावाली: आमच्या दलच्या खरंच तरंगतात. लव्हाळ्याचे तराफे, वर माती. ओढून दुसरीकडे नेता येतात, चोरीलासुद्धा जातात!

पेसोमोजणी: @मातीतला, म्हाताऱ्या माणसांना पहाटेच्या थंडीत कशाला पाठवताय. गाणीबिणी ऐकतील, खूश होतील.

मातीतला: तुम्ही पार्टी करायला गेला होतात, ते आईबाबांना नेतायत.

चटणीभाकर: आई शाकाहारी आहेत का? केसादियात (सारण भरून दुमडलेली पोळी) 'फ्लोर दे कालाबासा' मागा, भोपळ्याची फुलं असतात, आपण भजी करतो तीच. बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, 'सिन मांतेका' म्हणायचं. उइत्लाकोचे म्हणजे कणसावरची काळी बुरशी, शाकाहारीच, पण आईंना आधी सांगू नका.

टंगळमंगळ: बाहुल्यांचं बेट राहिलं. जवळपास नकली बेटंही दाखवतात, खरं बरंच लांब आहे.

घाईत_आहे: बेट नको, बाबा व्हीलचेअरवर असतात.

मातीतला: हे आत्ता सांगताय??

घाईत_आहे: घरातल्या घरात चालतात हो, लांब नाही जमत. म्हणून नाही लिहिलं.

पेसोमोजणी: मग लाइट रेल विसरा, टॅक्सीच. धक्क्यावर पायऱ्या असतात आणि होड्या ओळीने लागलेल्या, कधीकधी दोन ओलांडून तिसरीत जावं लागतं. काठाला चिकटलेलीच होडी मागा. आत लांब टेबल आणि दोन्हीकडे साध्या खुर्च्या, एकदा बसले की काही नाही. व्हीलचेअर घडीची असेल तर पुढे टाकता येईल.

मातीतला: आणि रविवार नको, मंगळवार-बुधवार बघा. नावाड्याला निवांत असेल तर हात देतो.

घाईत_आहे: मंगळवारी त्यांचं परतीचं विमान आहे.

शिकारावाली: मग सोमवारी जा ना.

चटणीभाकर: ५० पेसोची नोट जपून ठेवा, तिच्यावर तिथला आहोलोते आहे, पाण्यात राहणारा सरड्यासारखा लाडका प्राणी. आमच्या मुलाने फ्रेम करून घेतली.

घाईत_आहे: सोमवारी सुट्टी मागतोय. त्या साइटचे पैसे मात्र काल भरून बसलोय, परत मिळतात का कुणाला माहितीये?