पूर्ण भूल असताना परत जागा बधिर कशाला?

पावसाळी_ढग:
आईची गर्भपिशवी काढायचीये, गाठी आहेत, दुर्बिणीतून करणारेत. काल डॉक्टर म्हणाल्या की भूल दिल्यावर भोकं पाडायच्या आधी तिथे बधिर करायचं इंजेक्शन पण देऊ म्हणजे नंतर कमी दुखेल. बाई आधीच झोपलेली आहे तर तिला बधिर कशाला करायचं? बिल वाढवायचा प्रकार नाही ना?

भूलवाली:
नाही हो, ते औषध (बहुतेक बुपिव्हाकेन) तसं स्वस्तच आहे. पूर्ण भुलीत मेंदू झोपतो, नसा नाही झोपत. चीर पडली की त्यांचा आरडाओरडा मज्जारज्जूपर्यंत जातच राहतो आणि तिथल्या पेशी चिडक्या होऊन बसतात, मग नंतर नुसता हात लागला तरी जास्त दुखतं. क्लिफर्ड वूल्फनी १९८३ मध्ये उंदरांवर हे दाखवलं, त्यानंतर आधीच बधिर करा हा विचार जोरात आला. आता खरं सांगायचं तर चिरेआधी दिलं काय नि टाके घालताना दिलं काय, फार फरक पडतोच असं काही सगळ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मी आपली आधीच द्या म्हणते सर्जनना, चीर देताना नाडी कमी उडते.

दोन_लेकींची_आई:
माझी झाली तशीच. पोटावरची चार भोकं संध्याकाळपर्यंत जाणवली पण नाहीत, पण आतून ओटीपोटात कळा आणि उजवा खांदा असला ठणकत होता की मला वाटलं हार्टचंच काहीतरी झालं 😅

भूलवाली:
ताई तो गॅस. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, तो श्वासपटलाला चिडवतो आणि त्याची नस मानेतनं येते, म्हणून दुखतं खांद्यात. कातडीत टोचलेलं तिथे काय करणार? आतल्या कळांनाही त्याचा उपयोग नाही, आणि असर साधारण ४ ते ८ तासच. म्हणून पॅरासिटामॉल वेळच्या वेळी द्या, दुखायला लागायची वाट नका बघू.

पावसाळी_ढग:
ओके, आता कळलं. हे औषध जास्त झालं तर? आई ६० किलोची आहे.

भूलवाली:
किलोमागे जास्तीत जास्त २ मिग्रॅ धरा, म्हणजे १२० मिग्रॅ. ०.२५ टक्क्याचं असेल तर ४८ मिली झाले, चार भोकांना २० मिली पण पुष्कळ होतं. फक्त हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल किंवा दाताच्या इंजेक्शनला कधी रिॲक्शन आली असेल तर आधी सांगा.

पावसाळी_ढग:
दाढ काढताना चक्कर आली होती तिला एकदा! सांगते उद्याच.