मदत हवी आहे: चिठ्ठीवर ‘सायकोसिस एनओएस’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

खडूफळा: बहिणीला काल दाखवलं. चिठ्ठीवर एवढंच. परत विचारायला जावं तर बाहेर ही गर्दी. गूगलवर स्किझोफ्रेनियाच निघतोय. चार रात्री झोप नाही, कुणीतरी हाका मारतंय म्हणते, आई जेवणात काहीतरी कालवते असा संशय. स्किझोफ्रेनियाच ना? लवकर सांगा.

पेठेतला: एनओएस म्हणजे अजून कुठल्याच खान्यात टाकलेलं नाही. सायकोसिस म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं; तेही तापासारखं, कारणं अनेक. नसलेल्या हाका ऐकू येणं हा भास, कितीही समजावलं तरी न हटणारी खोटी खात्री हा भ्रम. स्किझोफ्रेनिया म्हणायला निदान महिनाभर लक्षणं हवीत. वय? आधी कधी असं?

चकवा: महिना नाही, सहा महिने.

पेठेतला: ते अमेरिकेच्या डीएसएमचं, म्हणजे तिथल्या मनोविकारांच्या निदान-पुस्तकाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या आजारांच्या यादीत एक महिना.

तूपरोटी: बी१२ बघा. माझ्या साडूंचं सगळं त्यातच निघालं.

खडूफळा: वय २७, आधी काहीच नाही. रक्ताचे रिपोर्ट डिलिव्हरीच्या वेळचे आहेत, नॉर्मल.

रात्रपाळी: डिलिव्हरी कधी झाली??

खडूफळा: आज नववा दिवस. बारसं तोंडावर आलंय, म्हणून तर घाई. बाळाला घरी ठेवून गेलो होतो, डॉक्टरांशी तो विषय निघाला नाही.

रात्रपाळी: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. बाळंतपणानंतरचा सायकोसिस असू शकतो. हजारात एक-दोघींना होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. ही इमर्जन्सी आहे. आत्ता दवाखान्यात न्या, प्रसूतीची तारीख सांगा, ॲडमिट करायला सांगितलं तर करा. ताप, थायरॉइड, सोडियम बघतील. तोवर बाळाजवळ तिला एकटीला सोडू नका, तिलाही एकटं ठेवू नका. वेळेत उपचार झाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात. वाटेत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, १४४१६.

माजघर: ओल्या बाळंतिणीला बाहेरचं लागतं हो. आधी दृष्ट काढा.

रात्रपाळी: रिक्षात काढा.

तूपरोटी: या गोळ्यांनी दूध बंद करावं लागतं म्हणे.

रात्रपाळी: गोळीवर अवलंबून. ते डॉक्टर ठरवतील, साडू नाही.

खडूफळा: निघालो. बाळ मावशीकडे दिलंय. बारसं पुढे ढकललं, आई रडतेय.

चकवा: तसं डीएसएम-५ मधून २०१३ सालीच एनओएस हा खाना काढून टाकलाय. डॉक्टर जुन्या वळणाचे दिसतात.