मदत हवी आहे: स्लॅबच्या सळ्या आत्ता घ्याव्यात की दसऱ्यानंतर?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात खाडीच्या काठाला घर बांधतोय. जोतं झालं, चिऱ्याच्या भिंती झाल्या, कॉलम उभे आहेत. सेंट्रिंगची माणसं वेळेत न मिळाल्यामुळे स्लॅब आता दसऱ्यानंतरच. इंजिनिअरच्या हिशेबाने सुमारे अडीच टन सळई लागेल, शिवाय पडवीला रंगीत पत्रा.

ठेकेदार म्हणतो, लोखंड आत्ताच उचला, पुढे महागणार. दुकानदारही तेच सांगतो. पैसे वडिलांच्या फंडाचे आहेत, त्यामुळे नुसत्या सांगण्यावर जायला मन धजत नाही.

मला समजलेलं असं: जगातलं निम्म्याहून अधिक पोलाद चीनमध्ये बनतं. तिथला घरबांधणीचा धंदा २०२१ पासून बसलाय, म्हणून तिथे न खपलेला माल बाहेर येतो. २०२४ मध्ये त्यांची निर्यात ११ कोटी टनांच्या वर गेली. एवढा माल आशियात फिरत असताना भाव चढतील कशाच्या जोरावर? आणि तिकडे भाव पडले तर आमच्या दुकानात ते दिसतात का?

दुसरी काळजी खाऱ्या वाऱ्याची. सळ्या घेतल्या तरी पावसाळाभर ठेवू कुठे? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

रत्नागिरीत फॅब्रिकेशनचं काम करतो. सळई आणि पत्रा, दोन्हींचा हिशेब वेगळा धरा.

चीनच्या बातमीचा संबंध मुख्यतः पत्र्याशी. स्वस्त आयात रोखायला केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादावर (पत्रे, पत्र्याची गुंडाळी वगैरे) १२ टक्के संरक्षण शुल्क लावलं. पुढे ते तीन वर्षांसाठी कायम केलं, वर्षागणिक थोडं उतरणारं: १२, ११.५, ११. रंगीत पत्रा त्यात येतो. म्हणून तिकडची घसरण इथे पूर्ण पोचत नाही.

सळई त्या शुल्कात नाही. आपल्याकडे येणारा बराचसा माल जालन्याच्या भट्ट्यांचा. तिथे भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड) वितळवतात, त्यामुळे भाव ठरतो भंगार, वीज आणि बांधकामाची मागणी यांवर. पावसात कामं थंडावली की सळईचा भाव बहुधा नरम होतो, दिवाळीनंतर कामं सुरू झाली की पुन्हा चढतो. म्हणून "आत्ताच घ्या" हे मला पटत नाही. भावात चार पैसे वाचले तरी समुद्रकाठी चार महिने पडलेल्या सळईचा गंज ते खाऊन टाकेल. ताडपत्रीने गच्च झाकलं तर आत दमट कोंडतं, ते आणखी वाईट.

गणपतीनंतर दोन-तीन दुकानांतून भाव घ्या. तो १८ टक्के जीएसटी धरून आहे का, चिपळूणहून गाडीभाडं कोणाकडे, हे आधी विचारा. माल काट्यावर वजन करूनच घ्या: १२ मिमीची १२ मीटर सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरली पाहिजे. आणि कॉलमच्या उघड्या सळ्यांना आत्ताच सिमेंटचा पातळ लेप द्या, पावसाआधी.

धागाकर्ता

मनापासून आभार. लेपाचं उद्याच बघतो. एक विचारायचं राहिलं: बयाणा देऊन सप्टेंबरमध्ये भाव पक्का करायचा आणि माल स्लॅबच्या आठवड्यात उचलायचा, असं चिपळूण-गुहागरकडचे दुकानदार मान्य करतात का? भाव मधेच वाढला तर ते शब्द पाळतात का? कोणी केलं असेल तर जरूर लिहा.