१८ लिटरच्या कॉम्प्युटर कॅबिनेटमध्ये तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड: जाडी ५० मिमी घेऊ की ६२ मिमी?

फ्रेमगणती:
कॅबिनेट कूलर मास्टर एनआर२००, मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचा) मदरबोर्ड, ७५० वॉटचा एसएफएक्स एसएमपीएस (छोट्या आकाराचा वीजपुरवठा). सध्याचं कार्ड जुनं आहे, ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) मोठा सीन उघडला की मेमरी संपते. म्हणून १६ जीबीचं आरटीएक्स ५०७० टीआय घ्यायचं नक्की केलंय, आणि दोन मॉडेलांपाशी येऊन अडलोय. पहिलं ३०४ × १२६ × ५० मिमी (लांबी × उंची × जाडी). दुसरं ३२५ × १४० × ६२ मिमी. त्याचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) जाड आहे, त्यामुळे आवाज कमी येतो म्हणतात. कॅबिनेटची मर्यादा ३३० × १५६ × ६० आहे. लांबीत दोन्ही बसतात, जाडीत दुसरं फक्त २ मिमीने जास्त. रेंडर (सीनमधून चित्रं तयार करणं) रात्रभर चालतो आणि मशीन झोपायच्या खोलीतच आहे, त्यामुळे आवाज माझ्यासाठी फार महत्त्वाचा. मोठं घ्यावं का?

चारस्क्रू:
घ्या बिनधास्त. २ मिमीने काही अडत नाही, तळाची जाळी तेवढी जागा देते. लांबी बसतेय ना, मग झालं.

मिलिमीटर:
माझ्या टेबलावर हेच कॅबिनेट आहे, आणि मी मनापासून सांगतो, ५० मिमीचं घ्या. चारस्क्रू म्हणतात तसं ६२ चं आत जाईलही. पण कार्ड आत जाणं आणि तिथे रात्रभर ३०० वॉट खाऊन शांत राहणं, यात फार अंतर आहे.

आधी जाडीचं बघू. कार्डाची जाडी स्लॉटमध्ये मोजतात, एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिमी. तीन स्लॉटचे ६१ धरा. तुमचं दुसरं कार्ड त्याच्याही पलीकडे जातं. या कॅबिनेटमध्ये कार्डाचे पंखे खाली तोंड करून असतात आणि तळाच्या जाळीतून हवा ओढतात. ६० ची मर्यादा आहे ती पंखा आणि जाळी यांच्यात थोडी फट राहावी म्हणून. ती फट बुजली की पंख्याला हवा मिळत नाही, तो वेग वाढवतो, आणि पातं जाळीच्या अगदी जवळून फिरायला लागलं की एक बारीक गुणगुण सुरू होते. रात्रीच्या शांततेत तीच सगळ्यात जास्त जाणवते. म्हणजे ज्या आवाजासाठी जाड हीटसिंक घ्यायचा, तो आवाज या तळावर वाढणार. मोठ्या टॉवरमध्ये तेच कार्ड खरंच शांत चालत असेल, त्याबद्दल मला शंका नाही.

५० च्या कार्डाखाली १५ मिमी जाडीचे दोन सडपातळ १२० मिमीचे पंखे बसतात, खालून वर हवा ढकलणारे. नेहमीचे पंखे २५ मिमीचे असतात, ते दोन स्लॉटच्या कार्डाखालीच मावतात. पंखे घ्यायच्या आधी तुमच्या कार्डाखाली मोजपट्टी लावून मोजा, कारण काही उत्पादक छापील जाडीत मागचा पत्रा (बॅकप्लेट) धरतात, काही धरत नाहीत. लांबीचंही तसंच, कॅबिनेटला स्क्रूने अडकणारी मागची धातूची पट्टी धरून की सोडून, हे उत्पादकाच्या नकाशातच दिसतं.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते, म्हणजे उंची. छापलेला १४० चा आकडा कार्डाचा आहे, केबलचा नाही. ५०७० टीआयला १६ पिनांचा कनेक्टर असतो आणि तो बहुतेक कार्डांवर वरच्या कडेला, बाजूच्या पॅनेलकडे तोंड करून असतो. १५६ मधून १४० गेले की उरतात १६ मिमी. एवढ्यात प्लग मावून पुढे केबल वळणं अशक्य आहे. वळण प्लगच्या अगदी मुळाशी येईल आणि पॅनेल लावताना तुम्ही केबल दाबत राहाल. हा कनेक्टर पूर्ण आत बसलेला नसेल किंवा एका बाजूला ओढला गेला असेल तर काही पिनांवरच सगळा प्रवाह येतो आणि प्लास्टिक वितळतं. याच कनेक्टरच्या नव्या १२व्ही-२×६ प्रकारात सेन्स पिना (प्लग बसलाय का हे कार्डाला कळवणाऱ्या) आखूड केल्या, त्या याचसाठी: प्लग अर्धवट असेल तर कार्डाने वीज ओढूच नये. पण मूळ गोष्ट तीच राहते. केबल बनवणारे प्लगपासून साधारण ३५ मिमी सरळ ठेवून मगच वळवा म्हणतात.

१२६ च्या कार्डाला ३० मिमी मिळतात, आणि कनेक्टर हीटसिंकच्या खाचेत थोडा आत असेल तर त्याहून जास्त. फोटोत कार्डाची वरची कड बघा, कनेक्टर कडेच्या किती खाली आहे ते दिसतं. एनव्हिडियाने (आरटीएक्स चिप बनवणारी कंपनी) २०२४ मध्ये छोट्या कॅबिनेटसाठी 'एसएफएफ-रेडी' म्हणून मापं ठरवली: लांबी ३०४, जाडी ५०, उंची १५१, आणि त्या १५१ मध्ये केबलचं वळण धरलेलं आहे. तुमच्या पहिल्या कार्डाची लांबी आणि जाडी त्याच मापाची आहे. खोक्यावर ते चिन्ह असेल तर केबलची काळजी बरीचशी मिटली.

काटकोनी अडॅप्टर सुचवणारे भेटतील. मी लावत नाही. अडॅप्टर म्हणजे आणखी एक जोड, आणि २०२४ मध्ये एका उत्पादकाला असे अडॅप्टर परत मागवावे लागले होते. त्यापेक्षा एसएमपीएससोबतची मूळ केबल कडक असेल तर त्याच एसएमपीएससाठी बनवलेली मऊ, आखूड केबल घ्या. दुसऱ्या मॉडेलची केबल मात्र कधीही लावू नका, एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी वेगळी असू शकते.

पंखाबंद:
मिलिमीटर यांच्याशी सहमत. रात्रीच्या रेंडरसाठी एक भर घालतो: पॉवर लिमिट (कार्डाने जास्तीत जास्त किती वॉट घ्यावेत ती मर्यादा) कमी करा. व्होल्टेज वाढलं की विजेचा वापर त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे वेगाच्या शेवटच्या थोड्या टक्क्यांसाठी कार्ड अवाच्या सवा वॉट जाळतं. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) लिमिट ८० टक्क्यांवर आणलं तर ३०० चे २४० वॉट होतात आणि रेंडर थोडासाच लांबतो. कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेजचा कर्व्ह उघडून अंडरव्होल्टही (त्याच वेगाला कमी व्होल्टेज) करता येतं. फक्त ते तुमच्याच जड सीनवर तासभर चालवून तपासा, कारण खेळात स्थिर राहिलेलं सेटिंग सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) कोसळू शकतं.

फ्रेमगणती:
केबलचा विचार डोक्यातच नव्हता. पुठ्ठ्याचा ३०४ × १२६ × ५० चा ठोकळा करून आत धरून पाहिला. माप बसतं, पण पुढच्या टोकाला वर एसएमपीएस आहे, त्यामुळे ठोकळा सरळ आत जात नाही. खरं कार्ड कसं घालायचं? आणि एसएमपीएसचा पंखा कुठल्या बाजूला ठेवू?

मिलिमीटर:
ठोकळा केलात हे फार उत्तम. खऱ्या कार्डावर ओरखडे पाडून शिकण्यापेक्षा पुठ्ठा बरा.

दोन्ही बाजूंची पॅनेलं आणि पुढचं पॅनेल काढा, ती नुसती खेचून निघतात. तळाचे पंखे शेवटी लावायचे, आत्ता काढून ठेवा. एसएमपीएसच्या केबली आधीच बांधून वर घ्या, कार्डाच्या वाटेत एकही लोंबती नको. मग कार्ड तिरकं धरून पुढचं टोक आधी एसएमपीएसच्या खाली सरकवा आणि मागची धातूची पट्टी नंतर तिच्या खाचेत आणा. तरीही अडलं तर जोर लावू नका. एसएमपीएसच्या ब्रॅकेटचे स्क्रू सैल करा किंवा तो सरळ बाहेर काढा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

पॉवर प्लग कार्ड बोर्डावरच्या स्लॉटात दाबण्याआधी जोडा. एकदा कार्ड बसलं की तिथे दोन बोटं जात नाहीत, आणि प्लग पूर्ण बसल्याची खात्री डोळ्यांनी करायलाच हवी: कडेभोवती फट दिसता कामा नये. नंतर स्लॉटात दाबा, क्लिक ऐका, मागचे स्क्रू लावा. पुढे कधी कार्ड काढायचं झालं तर स्लॉटचा खटका हीटसिंकखाली लपलेला असेल. त्यासाठी एक चपटी प्लास्टिकची पट्टी जवळ ठेवा, स्क्रूड्रायव्हर नको. निसटला तर बोर्डावरचा ट्रॅक तुटतो.

एसएमपीएसचा पंखा बाहेरच्या जाळीकडे तोंड करून ठेवा. तुमच्या कार्डाच्या शेवटच्या पंख्याची हवा हीटसिंकमधून आरपार वर जाते, तीच गरम हवा एसएमपीएसने ओढायला नको. छताला दोन १२० चे पंखे हवा बाहेर टाकणारे लावा. काचेचं पॅनेल असेल तर रेंडरसाठी जाळीचंच वापरा.

पॅनेल लावताना कुठे अडलं तर केबलचा वरून एक फोटो टाका, वळण बघून सांगतो.

चारस्क्रू:
उंचीचा मुद्दा पटला. माझ्याकडचं कार्ड ११२ मिमी उंच आहे, त्यामुळे केबलचा प्रश्न कधी आलाच नव्हता. ५० चंच घ्या.

फ्रेमगणती:
५० मिमीचं मागवतो, सोबत १५ मिमीचे दोन पंखे. दोन्ही खोकी आली की आधी मोजपट्टी, मग स्क्रू.