जिम्नीच्या लिफ्टला दोन वर्षे झाली आणि उजवी बाजू खाली दिसते. किटचे आयुष्य एवढेच समजावे का?

रामबागचा_रहिवासी :
सर्वांना नमस्कार. माझ्या पाच दारी जिम्नीचा व्हीलबेस 2590 मिलिमीटर असल्यामुळे चोरलकडच्या नाल्यांच्या काठावर तिचे पोट वारंवार टेकत असे. म्हणून गाडी घेतल्यावर काही महिन्यांतच मी इंदूरच्या एका गॅरेजमध्ये गाडी दोन इंचांनी, म्हणजे सुमारे 50 मिलिमीटरने, उंच करणारी लिफ्ट बसवून घेतली. (वडिलांच्या मते मी चांगल्या गाडीचा उंट केला.) किटमध्ये चार स्प्रिंगा आणि चार शॉकअब्सॉर्बर होते; अ‍ॅक्सलला सांगाड्याशी जोडणारे आर्म, अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड आणि ब्रेकचे होज पाइप मूळचेच राहिले. त्यानंतर गाडी 31,000 किलोमीटर चालली असून त्यातला बराचसा प्रवास शहरात आणि खंडवा रस्त्यावर झाला आहे, पण पावसाळ्यात जानापाव किंवा पातालपाणीच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर महिन्यातून दोनदा तरी जाणे होते.

आता सपाट फरशीवर मोजले असता पुढच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर उजवीकडे 12 मिलिमीटर कमी भरते. ताशी 80 च्या पुढे स्टिअरिंग सैल वाटते आणि वळणानंतर आपणहून सरळ होत नाही. शिवाय गतिरोधकावर पुढून ठक असा आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात की स्प्रिंगा थकल्या आहेत, नवी किट घ्या. दोन वर्षांत खरोखरच स्प्रिंगा थकतात का?

महू_ते_मांडू :
चांगल्या पोलादाची स्प्रिंग जी काही बसायची ती पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये काही मिलिमीटर बसते आणि पुढे वर्षानुवर्षे तशीच राहते. ती सतत खाली येत असेल तर पोलाद किंवा त्याची उष्णताप्रक्रिया कच्ची आहे, नाहीतर रूफ रॅकसारखे कायमचे वजन तिच्या क्षमतेपेक्षा जास्त झाले आहे, असे समजावे. परंतु आपण लिफ्ट बसवली त्या दिवशी हीच मापे घेतली होती का? घेतली नसतील तर गाडी पहिल्या दिवसापासूनच कललेली असण्याची शक्यता मला अधिक वाटते. काही किटमध्ये पुढच्या दोन स्प्रिंगा सारख्या उंचीच्या नसतात. चालकाचे वजन धरून उजवीकडची किंचित उंच दिलेली असते, आणि घाईत मिस्त्री त्यांची अदलाबदल करून टाकतो. स्प्रिंगांवरचे क्रमांक कंपनीच्या कागदाशी ताडून पाहा.

स्टिअरिंगचा दोष झिजेचा नसून भूमितीचा आहे. जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड असून तो लांब आर्मना जोडलेला असतो. गाडी वर उचलली की आर्मचा कोन बदलतो, त्याबरोबर अ‍ॅक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा नसून उभा असता तर हँडल जसे भरकटले असते, तसेच हे आहे. त्यासाठी कॅस्टर दुरुस्तीचे बुश (आर्मच्या सांध्यात बसणाऱ्या नळ्या) मिळतात आणि ते लिफ्टबरोबरच बसवायला हवे होते. पॅनहार्ड रॉड मूळ लांबीचा राहिल्याने अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूलाही सरकला असेल, पण ती बाब दुय्यम आहे.

खरी झीज बुशांमध्ये होते. मूळ रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. ते घसरत नाही, पिळले जाते. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर आतली नळी त्याच स्थितीत पकडली जाते, आणि गाडी जमिनीवर आली की ते रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेले राहते. मग वाट कितीही सौम्य असो, वर्ष-दीड वर्षात ते फाटते. आपला ठक आवाज बहुधा तिथूनच येत असावा.

जुनी_थार_2014 :
माझ्या जुन्या थारला पुढे टॉर्शन बार (पिळल्यावर स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी सळ्या) आहेत, त्यामुळे किट न घेता फक्त बोल्ट आवळून मी ती पुढून उचलली होती. त्याने स्प्रिंगची ताकद वाढली नाही. चाक खाली जाण्याची मोकळीक मात्र गेली आणि खड्ड्यात पुढचा भाग आपटू लागला. कोन वाढल्यामुळे सीव्ही जॉइंटचे (पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचे) रबरी बूट फाटले आणि बॉल जॉइंट दोनदा बदलावे लागले. मागच्या स्प्रिंगांचे पाटे आजही शाबूत आहेत. अखेर उंची निम्म्याने उतरवली, तेव्हा हा खर्च थांबला.

रामबागचा_रहिवासी :
महू_ते_मांडू, आपले आभार. शहरातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे पुढच्या स्प्रिंगा उतरवल्या. दोन्ही फरशीवर शेजारी उभ्या केल्या तेव्हा डावीकडून निघालेली स्प्रिंग सुमारे 10 मिलिमीटर उंच भरली. म्हणजे अदलाबदल झालेलीच होती. डाव्या आर्मच्या बुशमध्ये रबर नळीपासून इतके सुटले आहे की फटीत नख जाते, आणि तिच्यात काळी माती वाळून घट्ट बसली आहे. स्प्रिंगांमध्ये कोणताही दोष आढळला नाही. मागच्या एका शॉकअब्सॉर्बरवर मात्र धूळ ओलसर होऊन चिकटली आहे. तो बदलावा लागेल का?

महू_ते_मांडू :
दांड्याजवळ तेलाचा पुसट ओलावा दिसणे चालते. तो पुसून काढा आणि आठवडाभराने पुन्हा पाहा. तेल ओघळून नळीच्या खालपर्यंत आले असेल, तरच शॉकअब्सॉर्बर बदला, आणि तेव्हा मागची जोडी एकदम बदला.

स्प्रिंगा योग्य बाजूंना लावा आणि पुढच्या आर्मना कॅस्टरचे बुश बसवा. मागच्या आर्मचे आणि पॅनहार्ड रॉडचे बोल्टही एकदा सैल करून घ्या, कारण तेही त्याच दिवशी जॅकवरच आवळले गेले असणार. गाडी चारही चाकांवर उतरवून दोन-चार वेळा दाबून हलवा आणि त्यानंतरच टॉर्क पान्याने सगळे बोल्ट आवळा. हजार किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासा. गाडी जॅकवर घेतलीच आहे, तर एक चाक पूर्ण खाली सोडून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा आणि ब्रेकचा होज व एबीएसची तार ताणली जाते का ते पाहा. होज मूळचाच आहे असे आपण लिहिले आहे, त्यामुळे जानापावला जाण्याआधी हे तपासूनच घ्या.